'अगदी ललिता पवार!' म्हणण्याआधी



सासू जरा कडक बोलली, सांडलेल्या दुधाचा हिशेब तिने चार वेळा काढला, की गावात लगेच म्हणतात, "तिची सासू ना, अगदी ललिता पवार आहे!" हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. खरं सांगायचं तर आपल्यातल्या बऱ्याच जणींनी म्हटलंयही. मागे एका बचत गटाच्या बैठकीत आम्ही ध्वनिमुद्रण करत होतो, तिथेही एक सून हसत हसत असंच म्हणाली. शेजारीच तिची सासू बसलेली होती. तीही हसली आणि मग म्हणाली, "मला रोज जिचं नाव देता, ती बाई होती तरी कोण?"

सगळ्या गप्प झाल्या. जुन्या बायांना चेहरा आठवत होता, पुढचं काही ठाऊक नव्हतं. तरुण मुलींना तर नुसतं नाव माहीत होतं. त्या आजींच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं म्हणून आजचं हे बोलणं.

ललिता पवार यांचं मूळ नाव अंबा. आडनाव सगुण. जन्म १८ एप्रिल १९१६ चा, नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याचा. होय, पैठणीचं येवला तेच. वडील लक्ष्मणराव रेशमी आणि सुती कापडाचे व्यापारी होते. म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी होतं. पण त्या काळात चांगल्या घरातल्या मुलीने तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यासमोर उभं राहणं लोकांना पसंत नसे. आपल्या देशातला पहिला मोठा चित्रपट दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली काढला, तेव्हा तारामतीचं काम करायला बाई मिळाली नाही. ते काम एका पुरुषाने केलं. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९२८ साली, 'राजा हरिश्चंद्र' याच नावाच्या दुसऱ्या एका चित्रपटात बारा वर्षांची अंबा बालकलाकार म्हणून उभी राहिली. तिथून तिची वाट सुरू झाली.

तेव्हाचे चित्रपट मुके असत. पडद्यावर माणसं हलायची, ओठ हलायचे, पण आवाज नाही. मध्ये मध्ये अक्षरांच्या पाट्या यायच्या, त्या वाचून गोष्ट कळायची. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी शेजारचा मोठ्याने वाचायचा. अशा चित्रपटात काम करणाऱ्या माणसाला सगळं काही चेहऱ्याने आणि अंगाने सांगावं लागे. राग असो, भीती असो की लाज, डोळ्यांतूनच दिसायला हवी. अंबाची ललिता झाली ती याच शाळेत. पुढे आपल्याला जी ललिता पवार दिसली, एक भुवई उचलली की समोरच्याचं पाणी पाणी करणारी, तिचं शिक्षण या मुक्या पडद्यावर झालेलं होतं.

आता ऐका, तुम्हाला नवल वाटेल. त्या वेळी ललिताबाई सासू नव्हत्याच. त्या नायिका होत्या आणि मारामारीच्या चित्रपटांतल्या नायिका होत्या! १९३१ सालचा 'दिलेर जिगर' हा गणपतराव पवारांनी काढलेला मुका चित्रपट आजही शिल्लक आहे. त्या काळातले बहुतेक मुके चित्रपट जळून, सडून, हरवून गेले. हा मात्र पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपून ठेवला. त्यात तरुण ललिताबाई तलवारीच्या धामधुमीत दिसतात. पवार हे आडनाव त्यांना मिळालं ते या गणपतरावांशी लग्न झाल्यावर. दुसऱ्याच वर्षी, १९३२ साली, 'कैलास' या चित्रपटात त्यांनी काम तर केलंच, शिवाय त्याच्या निर्मितीतही त्या भागीदार होत्या. वय किती? सोळा. आपल्याकडे सोळाव्या वर्षी मुलीला विचारतात, "स्वयंपाक येतो का?" आणि ही मुलगी चित्रपटाच्या धंद्यात उतरली होती.

तेवढ्यात धंदाच बदलला. १४ मार्च १९३१ ला 'आलम आरा' मुंबईत लागला आणि चित्रपट बोलायला लागले. पुढच्याच वर्षी 'अयोध्येचा राजा' आला आणि पडद्यावर मराठीही बोलू लागली. लोकांना आनंद झाला, पण नट-नट्यांपैकी कित्येकांच्या पोटावर पाय आला. ज्यांचा आवाज चांगला नाही, ज्यांना भाषा नीट येत नाही, ज्यांना गाता येत नाही, ते मागे पडले. कारण तेव्हा आजच्यासारखं मागून दुसऱ्या कुणी गाण्याची सोय सुरुवातीला नव्हती. नायिकेने स्वतःच गायचं असे. ललिताबाई बोलल्या, गायल्या, हिंदीत आणि मराठीत दोन्हीकडे उभ्या राहिल्या. पुढे 'दुनिया क्या है' हा बोलपट त्यांनी काढला, त्यात कामही केलं. १९४१ साली वि. स. खांडेकरांच्या कथेवरच्या, मास्टर विनायकांच्या 'अमृत'मध्ये त्या होत्या. चौदा वर्षांत एक मुलगी बालकलाकाराची नायिका झाली, नायिकेची निर्माती झाली. गाडी अशी भरधाव चालली होती.

आणि मग १९४२ साल आलं.

'जंग-ए-आझादी' नावाच्या चित्रपटाचं चित्रीकरण चालू होतं. प्रसंग असा होता की ललिताबाईंच्या थोबाडीत मारायची. मारणार होते मास्टर भगवान, म्हणजे पुढे 'अलबेला'मुळे घराघरांत पोहोचलेले आपले भगवानदादा. पडद्यावरची थापड खरी नसते. हात जवळून जातो, समोरचा मान फिरवतो आणि बघणाऱ्याला वाटतं, बसली. त्या दिवशी मात्र हात खरोखरच बसला आणि जोरात बसला. मनात वैर नव्हतं, राग नव्हता, अपघात होता. पण ललिताबाईंच्या डाव्या डोळ्याची शीर फुटली आणि चेहऱ्याच्या त्या बाजूला लकवा झाला. उपचार दोन-तीन वर्षं चालले. चेहरा बराचसा सावरला, डोळा मात्र पहिल्यासारखा झाला नाही. डावा डोळा कायमचा बारीक राहिला.

मैत्रिणींनो, इथे जरा थांबू या. आपल्याकडे "एक थोबाडीतच तर दिली" असं किती सहज म्हणतात! जणू ते मारणंच नाही. इथे तर खोटी खोटी मारायची थापड होती आणि तिने एका बाईचा डोळा कायमचा अधू केला. चेहऱ्यावरून जी नस जाते तीच पापणी मिटवते, ओठ हलवते, गाल उचलते. कानाच्या आसपास आणि डोळ्याजवळ बसलेला मार म्हणूनच साधा नसतो. घरात मारहाण होत असेल तर ती मुकाट सोसायची नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आपल्यासाठी आहे आणि १८१ हा महिलांच्या मदतीचा फोन नंबर आहे. आणखी एक. मार न लागताही कधी अचानक कुणाचं तोंड वाकडं झालं, तर "वारं गेलं" म्हणून घरी तेल चोळत बसू नका. त्याबरोबर हातातलं बळ गेलं किंवा बोबडं बोलणं सुरू झालं तर एक घटकाही न दवडता १०८ ला फोन करून मोठं रुग्णालय गाठा.

तर, ललिताबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या. चेहरा हेच ज्या धंद्यातलं भांडवल, त्या धंद्यात चेहराच बिघडला. आपण याची तुलना आपल्या कामाशी करून बघू. ऊसतोडीला गेलेल्या बाईच्या हाताला कोयता लागला, बोटं आखडली, तर मुकादम तिला पुढच्या वर्षी उचल देताना दहा वेळा विचार करतो. तसंच ते. नायिकेची कामं गेली.

पण काम करायची रीत त्यांना येत होती. ती कुठे गेली नव्हती. उपचारांचे दिवस संपतात न संपतात तोच, १९४४ साली, पुण्याच्या प्रभात कंपनीचा 'रामशास्त्री' आला. त्यात ललिताबाई आनंदीबाई होत्या. राघोबादादांची बायको आनंदीबाई. 'ध'चा 'मा' केला म्हणून महाराष्ट्र आजही जिला बोल लावतो ती. नारायणराव पेशव्यांच्या खुनाची गोष्ट निघाली की राघोबांच्या आधी आनंदीबाईचं नाव निघतं, बघा. ती भूमिका ललिताबाईंनी केली आणि प्रेक्षकांना कळलं की या बाईकडे वेगळीच ताकद आहे. जो डोळा दोष म्हणून दिसायचा, तोच आता कामाला आला. बारीक केलेली नजर, तिरपी मान, ओठांचा एक कोपरा वर. बोलायच्या आधीच समोरच्याला धडकी.

इथून त्यांच्या आयुष्याचा दुसरा डाव सुरू झाला आणि तो पहिल्यापेक्षा कितीतरी लांब चालला. चित्रपटाच्या धंद्यात नायिकेचं आयुष्य थोडं असतं. दहा वर्षं, फार तर पंधरा. मग नवी मुलगी येते. आई, सासू, आत्या, घरमालकीण अशी कामं करणाऱ्यांना चरित्र अभिनेत्री म्हणतात. त्यांचं नाव पाटीवर उशिरा येतं, जाहिरातीवर त्यांचं चित्र लहान असतं, पण त्यांच्यावाचून गोष्ट पुढे सरकत नाही. आणि ते काम वय वाढलं म्हणून थांबत नाही. ललिताबाईंनी ते काम वयाच्या आधीच स्वीकारलं.

किती आधी, ते ऐका. १९५२ साली 'दाग' चित्रपट आला. मातीची खेळणी विकणारा, दारूच्या नादी लागलेला तरुण आणि त्याची गरीब आई. तरुण होता दिलीप कुमार, आई ललिता पवार. दिलीप कुमार त्यांच्याहून फक्त साडेसहा वर्षांनी लहान! छत्तीसाव्या वर्षी त्या तीस वर्षांच्या माणसाची आई झाल्या आणि कुणाला खोटं वाटलं नाही. दारुड्या मुलाची वाट बघणारी आई काय असते, हे आपल्याला सांगायला नको.

त्याच्या आधी दोन वर्षं, १९५० साली, व्ही. शांताराम यांनी 'दहेज' काढला होता. दहेज म्हणजे हुंडा. सुनेच्या माहेराहून काही आलं नाही म्हणून तिचा छळ मांडणारी सासू ललिताबाईंनी केली. पोरीचा बाप सगळं विकून हुंडा गोळा करतो, पण तोवर पोर हातची जाते. बघणाऱ्या बायका रडल्या आणि सासूला त्यांनी शिव्याशाप दिले. नटीच्या कामाची पावती ती हीच. हुंडा द्यायचा नाही आणि घ्यायचाही नाही, असा कायदा आला तो त्यानंतर अकरा वर्षांनी, १९६१ साली.

मग ही छाप पक्की झाली. 'सुजाता'मध्ये, १९५९ साली, त्या सोवळ्या आत्या होत्या. दलित मुलीला घरात वाढवलं म्हणून नाक मुरडणाऱ्या. 'जंगली'मध्ये, १९६१ साली, घरात कुणी हसायचं नाही असा दंडक घालणारी आई. त्याच वर्षी 'संपूर्ण रामायण'मध्ये मंथरा. आणि १९८० साली 'सौ दिन सास के'. त्यात थोरल्या सुनेला छळणाऱ्या सासूला धाकटी सून ताळ्यावर आणते. हा चित्रपट तर गावोगाव चालला. 'ललिता पवार' हे नाव त्यानंतर नाव राहिलं नाही, शिवी झालं.

पण मैत्रिणींनो, आपण अर्धीच ललिता पवार लक्षात ठेवली. उरलेली अर्धी बघा.

१९५५ सालचा 'श्री ४२०' आठवा. मुंबईत नुकता आलेला, खिसा रिकामा असलेला राज कपूर आणि पदपथावर केळी विकणारी बाई. पैशावरून आधी घासाघीस, मग त्या पोराला पोटाशी धरणं. ती केळीवाली ललिता पवार. तोच बारीक डोळा, पण त्यातून माया नुसती वाहते. १९५९ साली 'अनाडी'त त्या मिसेस डिसा होत्या. भाडेकरूवर तोंडाने ओरडणाऱ्या आणि मागल्या दाराने त्याला जेवू घालणाऱ्या ख्रिस्ती घरमालकीण. एका कंपनीच्या विषारी औषधाने या बाईचा जीव जातो आणि मग श्रीमंतांच्या धंद्याचं पितळ उघडं पडतं. या कामाबद्दल ललिताबाईंना उत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. मोठा पुरस्कार मिळाला तो खाष्ट सासूला नाही, मायाळू घरमालकिणीला. हे मुद्दाम सांगतो. १९७१ च्या 'आनंद'मध्ये त्या रुग्णालयातल्या कडक मेट्रन झाल्या, ज्यांच्या कडकपणाच्या आत रोग्यासाठी जीव तुटतो.

'मिस्टर अँड मिसेस ५५' ची गोष्ट तर आपल्यासारख्या गटांतल्या बायांनी आवर्जून बघावी आणि तिच्याशी भांडावं. १९५५ सालीच हिंदू विवाह कायदा झाला, हिंदू बाईला घटस्फोटाचा हक्क मिळाला. त्याच वर्षी आलेल्या या गुरुदत्तच्या चित्रपटात ललिताबाई बायकांच्या हक्कांसाठी सभा घेणाऱ्या सीतादेवी होत्या. चित्रपट त्यांची टिंगल करतो. पुरुषांचा द्वेष करणारी, भाचीचा संसार मोडायला निघालेली बाई, अशी ती रंगवली आहे. म्हणजे बघा, सुनेला छळते ती सासूही वाईट आणि बायकांच्या बाजूने बोलते ती आत्याही वाईट! गोष्ट लिहिणारे, काढणारे बहुतेक पुरुष. दोष ठेवायला बाई लागली की ते ललिताबाईंना बोलावत.

आम्हाला इथेच बोलायचं आहे. ललिताबाईंनी केलेल्या वाईट बायांची यादी पुन्हा डोळ्यांसमोर आणा. 'रामशास्त्री'तली आनंदीबाई: पण पेशवेपद हवं होतं राघोबाला. रामायणातली मंथरा: पण वर देऊन ठेवले होते दशरथाने. 'दहेज'मधली सासू: पण हुंड्याच्या जिवावर घर चालतं त्या घरातले पुरुष बायको मरेपर्यंत काय करत होते? प्रत्येक ठिकाणी एक बाई पुढे उभी आहे, तिच्यावर सगळ्यांचा राग निघतो आणि तिच्या मागचे बिनबोभाट सुटतात. पडद्यावर ते कामच होतं, ललिताबाईंनी ते चोख केलं आणि त्याचे पैसे घेतले. आपल्या घरात मात्र तसंच चाललं तर त्याचे पैसे कुणाला मिळत नाहीत. सासू-सून भांडतात, आणि ज्याने दोघींमध्ये बोलायला हवं तो पारावर जाऊन बसतो.

याचा अर्थ छळणाऱ्या सासवा नसतातच, असं नाही. असतात, आणि छळ तो छळच. त्याला कायदा आहे, पोलीस आहेत, आपला गट आहे. पण कडक बोलणारी प्रत्येक म्हातारी छळणारी नसते. ती एके काळी स्वतः सून होती, तिला कुणी विचारलं नव्हतं. आज तिच्या हातातून घर सुटत चाललंय, गुडघे दुखताहेत, डोळ्यांनी नीट दिसत नाही म्हणून ती डोळे बारीक करून बघते. तेवढ्यावरून आपण तिला नाव देऊन मोकळ्या होतो.

ललिताबाईंची शेवटची मोठी आठवण सांगून थांबतो. २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामानंद सागर यांचं 'रामायण' सुरू झालं. तेव्हा अख्ख्या वाडीत एखादाच टीव्ही. सकाळची धारा-भाकरी उरकून बाया चटयांवर बसायच्या, मागे पोरं, दारात पुरुष. त्यात कैकेयीचे कान भरणारी कुबडी मंथरा म्हणून ललिताबाई पुन्हा आल्या. सव्वीस वर्षांनी पुन्हा तीच भूमिका, आणि वय सत्तर. बाया बोटं मोडायच्या. टीव्हीसमोर बसलेल्यांपैकी किती जणींना ठाऊक होतं की ही बाई बाराव्या वर्षापासून काम करतेय, मुक्या चित्रपटात तिने तलवारबाजी केलीय, एका थापडेने तिचा डोळा गेलाय आणि तरीही तिने कामाची सुट्टी घेतली नाही?

२४ फेब्रुवारी १९९८ ला पुण्यात ललिताबाई गेल्या. जवळजवळ सत्तर वर्षं त्यांनी काम केलं. शेकडो चित्रपट केले. नायिका म्हणून चौदा वर्षं, आणि नायिका होता येईना तेव्हापासून पन्नासहून जास्त.

ज्या आजींनी प्रश्न विचारला होता, त्यांना आम्ही हे सगळं सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग सुनेकडे बघून म्हणाल्या, "म्हण बाई आता ललिता पवार. मला काही वाईट वाटायचं नाही." सून लाजली आणि त्यांच्या चहाच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत कर्जाचे हप्ते लिहून झाले की एक करा. प्रत्येक सासूने आपल्या सुनेपणीची एक आठवण सांगायची आणि सुनांनी मध्ये न बोलता ऐकायची. त्याच्या पुढच्या बैठकीत सुनांनी सांगायचं, सासवांनी ऐकायचं. काय काय निघालं ते आम्हाला कळवा, आपण ते रेडिओवर ऐकवू. आणि कुणाच्या मोबाइलवर 'श्री ४२०' मिळाला, तर त्या केळीवालीला जरूर बघा.

पुन्हा भेटू. तोवर नमस्कार.